राखीव माणूस आणि रेकॉर्डिंग : टाळेबंदीतल्या प्रवासगोष्टींचं एक प्रकरण

ज्येष्ठांचे गट चालवणाऱ्या काही मैत्रिणींनी मला विचारलं, की कोरोनाच्या दिवसांत तुम्ही फोनवर प्रवासाच्या गोष्टी सांगायचात ते कसं जमवलंत, जरा लिहून दे. तोंडी सांगताना मी नेहमी अर्धंच सांगते. जमलं तेवढं सांगते आणि १४ मेच्या रात्रीपाशी येऊन विषय बदलते. इथे पुढचंही लिहिते आहे. माणसांची नावं घालत नाही. आम्ही एकमेकांना वस्तीवरूनच ओळखतो, आणि त्या वस्त्यांचीही मी अदलाबदल केली आहे. शहर तेवढं इंदूरच ठेवलंय, कारण ते बदललं तर गोष्टच उरत नाही.

टोळी आणि तिकिटं

आम्ही सात जण. रामबागच्या काकू सगळ्यांत मोठ्या, तेव्हा एक्याऐंशीच्या. सुदामानगरचे अण्णा निवृत्त शिक्षक. महूचे बापू मीटरगेजवर गार्ड होते. खातीवाला टँकचे काका एका कापडदुकानात हिशेब लिहायचे. लोकमान्यनगरच्या वहिनींचा मुलगा अमेरिकेत. विजयनगरचे दादा साठीच्या अलीकडचे, म्हणून टोळीत 'पोरगा'. आणि मी, तिकिटं काढणारी. वर्षातून एक सहल, बाकी अकरा महिने तिच्या गप्पा, असा आमचा कारभार.

२०२० साली काशी ठरली होती. इंदूरच्या मराठी माणसाला काशी परकी वाटत नाही. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, हे इथे शाळेत जायच्या आधीच कानावर पडतं. त्यात त्या फेब्रुवारीत वाराणसी ते इंदूर अशी काशी महाकाल एक्स्प्रेस नवीच सुरू झालेली. १६ तारखेला तिला हिरवा झेंडा दाखवला तेव्हा बी-५ डब्यातला ६४ नंबरचा बर्थ महादेवासाठी ठेवल्याचे फोटो सगळीकडे आले. बापूंनी फोटो बघितला आणि म्हणाले, "चौसष्ट म्हणजे साइड अपर. म्हाताऱ्या देवाला साइड अपर देतात होय? चढणार कसा तो?"

आमची तिकिटं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली होती. २२ मार्चला प्रवासी गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पैसे पूर्ण परत आले. ते खात्यात जमा झाल्याचं मी फोन करून प्रत्येकाला कळवलं, तर काकू म्हणाल्या, "पैसे काय करू बेटा? मी सामान भरून बसलेय."

त्या महिन्यातलं इंदूर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. २२ मार्चच्या संध्याकाळी राजवाड्यावर लोक थाळ्या वाजवत गर्दीनं जमले होते. आठवड्याभरात तेच शहर असं मिटलं, की ३० मार्चपासून तीन दिवस किराणा आणि भाजीसुद्धा बंद. पाडवा २५ मार्चला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. गुढीला कडुलिंब मिळाला, साखरेची गाठी मिळाली नाही. रात्री दोनलाही खवय्यांनी जागा असणारा सराफा बाजार अंधारात. आमच्यातले चौघं घरात एकटे किंवा दोघंच राहणारे; मुलं पुण्याला, बंगळुरूला, साता समुद्रापार.

६ एप्रिलला, ज्या संध्याकाळी आम्ही काशीत असायचो, त्या संध्याकाळी मी सगळ्यांना एकत्र फोन लावला. कल्पना साधी होती : आज काशीला नाही पोचलो, तर कुणीतरी आपल्या जुन्या प्रवासाची गोष्ट सांगा.

पहिले आठ दिवस

सपशेल फसले. हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण 'म्हातारी माणसं आठवणी सांगायला टपलेलीच असतात' हा समज मीही बाळगून होते. आठवणी सांगायला टपलेली असतात हे खरं. ऐकायला कोण टपलेलं असतं?

अण्णांनी चारधाम सांगितलं. सकाळी पाचला उठलो, सहाला बस निघाली, आठला नाश्ता, बाराला गुप्तकाशी, दोनला जेवण. सगळी मुक्कामांची जंत्री. केदारनाथची उंची त्यांनी साडेअकरा हजार फूट सांगितली. तेवढ्यात दादांनी मोबाइलवर शोधून "तीन हजार पाचशे त्र्याऐंशी मीटर, म्हणजे पावणेबाराच्या वर भरतात" असं मध्येच घातलं. अण्णा गप्प झाले. शिक्षक माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या. पुढचे तीन दिवस त्यांचा फोन 'नेटवर्कच्या बाहेर' होता.

वहिनींनी कॅलिफोर्निया सांगितलं. रस्ते किती रुंद, लोक हॉर्न कसा वाजवत नाहीत, दुकानातून घेतलेली वस्तू महिन्यानंतरही कशी परत घेतात. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण फोनवर कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या म्हणजे समजावं, की फोन ओट्यावर ठेवून माणूस कामाला लागलाय. खातीवाल्याचे काका त्या रात्री म्हणाले, "आम्ही काय सांगणार? महूच्या पुढे कधी गेलोय?" ते चेष्टेत म्हणाले. चेष्टेत असलं तरी ते मी डायरीत लिहून ठेवलं, आणि बरं केलं.

घरात कोंडलेल्या माणसाला दुसऱ्याचा प्रवास ऐकवणं हे उपाशी माणसापुढे जेवणाचं वर्णन करण्यासारखं होऊ शकतं. कोण किती फिरलं, कुणाच्या पोरांनी कुणाला कुठे नेलं, हे सात जणांत नेहमीच थोडं बोचत असतं. सहलीच्या गडबडीत ते झाकलं जातं. फोनवर फक्त आवाज, त्यामुळे लगेच उघडं पडतं.

बापूंची काळी पेटी

१४ एप्रिलला सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं कळलं. त्या रात्री कुणालाच बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, फोन ठेवू का? तर बापू म्हणाले, "थांब, मी घाटातली एक रात्र सांगतो. सगळी नोकरी नाही सांगत, एकच रात्र."

महूच्या पुढे पाताळपाणी, आणि तिथून खाली काळाकुंड. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण उतार चाळिसाला एक, म्हणजे चाळीस फूट पुढे जाताना एक फूट खाली. होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन ही खांडव्याची लाइन करवून घेतली हे बापू दर सहलीत सांगायचे आणि दर सहलीत आम्ही पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणायचो. त्या रात्री त्यांनी ते सांगितलं नाही. पाताळपाणीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नसत. पाऊस कोसळतोय, मालगाडी, शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, ते एकटे, आणि समोरच्या ब्रेकच्या व्हॅक्यूमच्या काट्यावर नजर. काटा पडला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. एवढं सांगून ते थांबले.

आणि काकूंनी विचारलं, "रात्री जेवलात काय?"

बापू हसले. म्हणाले, आजवर घाटाबद्दल शंभर जणांनी विचारलं, जेवणाबद्दल कुणी नाही. मग पेटी उघडली. गार्डाची ती काळी लोखंडी पेटी, जी प्रत्येक गाडीला चढवायची आणि उतरवायची. आत लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके, आणि त्याच्याखाली स्वेटरात गुंडाळलेला डबा, पिठलं गरम राहावं म्हणून. पिठल्याला रॉकेलचा वास यायचा. बायको म्हणायची डब्याचं झाकण बदला. झाकण बदललं तरी वास तसाच. निवृत्त झाल्यावर घरचं पिठलं त्यांना वर्षभर अळणी लागलं.

"पावसात झाकण उघडलंत कसं? हात ओले नव्हते?" काकू.

बापू पाऊण तास बोलले. कुकरची शिट्टी एकदाही झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी ठरल्या. ठरवल्या कुणी नाहीत, आपोआप पडल्या. एक, आख्खा प्रवास सांगायचा नाही, त्यातला एखादा तास सांगायचा. दोन, गोष्ट चालू असताना मोबाइलवर काही शोधायचं नाही. अण्णांना परत आणायला ही अट मला कबूल करावी लागली. तीन, काकू प्रश्न विचारतील.

काकूंनी त्या सगळ्या दिवसांत स्वतःची एकही गोष्ट सांगितली नाही. मी आग्रह केला तर म्हणायच्या, "मी विचारते तेवढं पुरे." त्यांचे प्रश्न ठरलेले : पायांत काय होतं? पाणी कुठलं प्यायलात? शेजारी कोण बसलं होतं? बाईमाणसं रात्रीची कुठे जात? या प्रश्नांपुढे कॅलिफोर्निया आणि काळाकुंड एकाच पातळीवर यायचे. वहिनींना त्यांनी विचारलं, "विमानतळावर उतरल्यावर पहिलं पाणी कुणी दिलं?" आणि वहिनी एकदम सांगू लागल्या, की मुलगा न्यायला यायला दोन तास उशिरा आला, नळाचं पाणी प्यायचं की नाही कळेना, आणि त्या बाथरूममध्ये जाऊन रडल्या. हे त्यांनी मुलाला अजून सांगितलेलं नव्हतं.

राखीव माणूस

आता यंत्राची बाजू, कारण पुढचं सगळं तिथूनच फाटलं. व्हॉट्सॲपवर तेव्हा चौघांनाच एकत्र बोलता यायचं. एप्रिलच्या शेवटी ते आठ झाले. पण आमच्यातल्या तिघांकडे बटणांचे फोन, आणि काकूंकडे तर लँडलाइनच. झूम वगैरे म्हणजे त्यांच्या लेखी पोरांची शाळा. म्हणून मी साध्या मोबाइलवरून कॉन्फरन्स लावायची : एकाला फोन, त्याला होल्डवर, दुसऱ्याला फोन, मग 'मर्ज'. असे पाचच जोडता येतात. मी सहावी. आम्ही सात. म्हणजे रोज एक जण बाहेर.

त्याला आम्ही 'राखीव' म्हणायला लागलो, क्रिकेटच्या बाराव्या खेळाडूसारखं. राखीव माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी आदल्या रात्रीची गोष्ट फोन करून सांगायची. सुरुवातीला मला ही अडचण वाटली. प्रत्यक्षात तो सगळ्यांत चांगला भाग निघाला. एक तर दिवसाला दोन फोनांचं काम लागलं. सकाळीही कुणाशी तरी बोलणं व्हायचं. शिवाय गोष्ट ऐकताना 'ही मला उद्या सांगायची आहे' म्हटल्यावर माणूस वेगळ्या कानानं ऐकतो. अण्णांनी बापूंच्या पिठल्याची गोष्ट दादांना सांगितली तेव्हा त्यात रॉकेलचा वास पार दरवाजापर्यंत पोचला होता, आणि बापूंना ते ऐकून फार आनंद झाला.

मग मे उजाडला, ऊन चढलं, अण्णांना थकवा यायला लागला. सकाळचा फोन कधी व्हायचा, कधी नाही. राखीव माणूस कुरकुर करायचा. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय होती. मी ती चालू केली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना सकाळी रेकॉर्डिंग पाठवून द्यायचं, की झालं. मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. घरातल्या घरात काय विचारायचं, असं वाटलं असणार.

१४ मे

त्या रात्री वहिनी राखीव होत्या. खातीवाल्याच्या काकांनी आपणहून सांगितलं, "आज माझी पाळी." सव्वा महिन्यात पहिल्यांदा.

१९८३, दसऱ्याच्या थोडं आधी. काकांचे थोरले भाऊ गेले होते. काका त्यांना दादाच म्हणायचे. अस्थी नर्मदेत सोडायच्या म्हणून काका सकाळच्या छोट्या गाडीनं मोरटक्क्याला निघाले. तिथल्या नर्मदेकाठच्या खेडीघाटावर गुरुजी थांबणार होते. तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, तांब्या पिशवीत, पिशवी खिडकीशेजारच्या खुंटीला. मांडीवर ठेवायची खरं तर, पण गर्दी होती आणि कुणी पाय देईल ही भीती.

"पिशवी कुठल्या रंगाची?" काकू.

"हिरवी. दुकानाचं नाव छापलेली."

गाडी घाट उतरून काळाकुंडला थांबली. काळाकुंडचा कलाकंद ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. पळसाच्या पानावर ठेवून देतात, खाली फलाटावरच. दादांचा जीव होता त्याच्यावर. काकांना वाटलं, एक पान घ्यावं, आणि अस्थींबरोबर तेही नर्मदेला द्यावं. ते उतरले. विकणाऱ्याकडे सुटे नव्हते. दोन रुपयांच्या हिशेबात गाडी हलली.

इथे बापूंना राहवलं नाही. "उतारावर ब्रेक थंड व्हायला गाडी थांबते तिथे. घाई कशाला केली त्यानं?" मी त्यांना गप्प केलं.

"मी पळालो," काका म्हणाले. "पण हातात कलाकंद. टाकवेना. आणि गाडी गेली. दादा पुढे गेला, मी मागे."

"पायांत काय होतं?"

काका क्षणभर थांबले. "काही नाही. चपला सीटखाली होत्या. त्या पण दादाबरोबर गेल्या."

स्टेशनमास्तर भला माणूस. त्यानं पुढे फोन केला, की अमुक डब्यात हिरवी पिशवी आहे, उतरवून ठेवा, आत काय आहे तेही सांगितलं. पुढची गाडी केव्हा, तर संध्याकाळी. काका रुळाच्या कडेनं चोरलपर्यंत चालत निघाले. गिट्टी टोचायची म्हणून स्लीपरांवर पाय देत; मीटरगेजचे स्लीपर माणसाच्या पावलाला जवळ पडतात, एक एक टाकावं तर लुटुलुटु चालणं होतं, एक सोडून टाकावं तर उडी. पाणी कुठलं प्यायलात? चोरल नदीचं. पावसाळा नुकता सरलेला, पाणी स्वच्छ होतं. पुढे रस्त्यावर ट्रक मिळाला, बडवाह, पूल, आणि दुपारी मोरटक्का.

तिथल्या मास्तरांच्या टेबलावर हिरवी पिशवी ठेवलेली. शेजारी झेंडूची दोन फुलं. खाली चपला, जोडून. आणि समोर सापडलेल्या सामानाचं रजिस्टर. नियम म्हणजे नियम, नोंद झाली होती : पिशवी एक, आत तांब्या एक, तोंड बांधलेलं, चपला जोड एक. मालकाच्या सहीची जागा मोकळी.

"सही केली," काका म्हणाले, "आणि भाऊ ताब्यात घेतला."

फोनवर आधी कुणाला कळेना हसावं की नाही. मग काकाच हसले आणि सगळे सुटले. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी विचारलं, "कलाकंदाचं काय झालं?"

"अर्धा मी खाल्ला. चालून चालून भूक लागली होती. अर्धा दादाला दिला."

मग काकूच म्हणाल्या, की आता नर्मदेला जाता येत नाही म्हणून कशाला उसासे टाकता, तीच तर एक दिवसाआड आपल्या नळाला येते. खरंच आहे ते. १९७८ पासून इंदूरला पाणी येतं ते मंडलेश्वराजवळच्या जलूदहून, डोंगरावर चढवून. बापूंनी हिशेब केला. जलूद मोरटक्क्याच्या खालच्या अंगाला. "म्हणजे भिया," ते म्हणाले, "तू दादाला सोडून आलास, आणि दादा तुझ्याआधी नळानं घरी परत!"

त्यावर जे हसू झालं तसं त्या सगळ्या दिवसांत झालं नाही. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते काका. ते हसू मला अजून ऐकू येतं. कितीतरी वेळ चाललं होतं, आणि शेवटी शेवटी ते नुसतं हसू नव्हतं, हे मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

पुढे काय झालं

सकाळी रेकॉर्डिंग वहिनींना पाठवलं. वहिनींना ते इतकं आवडलं की त्यांनी ते बहिणींच्या ग्रुपवर टाकलं, 'ऐका, रडून हसाल' असं लिहून. तिथून ते पुण्याला, पुण्याहून कुणाच्या तरी सुनेच्या माहेरी नागपूरला. तिसऱ्या दिवशी ते काकांच्या पुतणीच्या फोनवर होतं. काकांच्या त्या गेलेल्या भावाची, दादांची, थोरली मुलगी.

तिनं काकांना फोन केला. काय बोलली ते काकांनी मला एकदाच सांगितलं. छत्तीस वर्षं तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, हे ती बोललीच. पण तिचा राग त्यावर नव्हता. "बाबांच्या पाण्यावर अनोळखी माणसं हसत होती, काका. आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त."

आणि आता जे लिहिते आहे ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ८ मेला नागपूरला त्या मुलींची आई गेली होती. म्हणजे दादांची बायको, काकांची वहिनी. कोरोनानं नाही, वयानं. काकांना जाता आलं नाही. मुलींना अस्थी नदीवर नेता आल्या नाहीत. तांब्या घराबाहेरच्या झाडाला बांधून ठेवलेला होता, गाड्या कधी सुरू होतात याची वाट बघत. काकांनी ती गोष्ट वहिनी जिवंत असेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती, तिला लागेल म्हणून. ती गेल्यावर सहाव्या रात्री त्यांनी ती आम्हाला सांगितली. काकूंना 'पायांत काय होतं' याचं उत्तर दिलं, आणि ज्या तांब्याला जाता येत नव्हतं त्याच्याऐवजी दुसऱ्या तांब्याबरोबर मोरटक्क्याला जाऊन आले.

काकांनी मला फोनवर एवढंच विचारलं, "तू टेप करत होतीस?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. माझाच नव्हे, कुणाचाच.

मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं, बाकीची सगळीही पुसली, आणि लोकमान्यनगरच्या वहिनींना त्यांच्याकडचं पुसायला लावलं. वहिनी रडल्या. पुढे गेलेलं काही पुसता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाकीच्या चौघांना मी एकेक करून सांगितलं. बापू चिडले. अण्णा म्हणाले, शिक्षकाच्या आवाजात, "मुलांचे निबंध आपण परवानगीशिवाय फळ्यावर लावत नसू." फक्त काकू काही बोलल्या नाहीत.

फोन जूनमध्ये चालू राहिले, पण राखीव माणूस लागेना; आता आम्ही सहाच होतो आणि सगळे एकदम मावत होतो. कुणी बाहेर राहात नाही म्हणजे सकाळी कुणाला सांगायचं उरत नाही. गोष्टी आखूड होत गेल्या. काकूंचे प्रश्नही. मग गाड्या थोड्या थोड्या सुरू झाल्या, विजयनगरच्या दादांचं ऑफिस उघडलं, आणि जुलैत कधीतरी फोन बंद पडले. बंद करायचे असं कुणी म्हटलं नाही.

मैत्रिणींना मी आता काय सांगते? सात जण असतील तर सातांसाठी सोय शोधू नका, एक बाहेर राहू दे; त्याला तोंडी सांगू दे. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर गोष्ट सुरू होण्याआधी विचारा, आणि संपल्यावर पुन्हा विचारा, कारण सुरुवातीला 'हो' म्हणणाऱ्याला आपण कुठे पोचणार आहोत ते माहीत नसतं. हे दुसरं विचारणं कुणी करत नाही. आणि टाळेबंदीत कुणी आपणहून म्हणालं, की आज माझी पाळी, तर त्या आठवड्यात त्याच्या घरी काय झालं हे वेगळा फोन करून विचारा. मी रोज पाच जणांना फोन जोडत होते, आणि एकाला एकट्याला फोन केला नाही.

काकांचा फोन

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, काकांचा फोन आला. कशी आहेस, अण्णांचा थकवा कसा आहे, वगैरे. मग म्हणाले, पुतण्या दोघी नागपूरहून मोटारीनं येतायत. आईच्या अस्थी वडिलांच्या जागीच सोडायच्या, मोरटक्क्याला. मला घेऊन जाणार आहेत.

मी काय बोलावं मला सुचेना.

"धाकटी विचारत होती," ते म्हणाले, "ते रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे? थोरलीनं पुसलं होतं रागानं. धाकटीनं ऐकलंच नव्हतं नीट. बाबांना कलाकंद आवडायचा हे तिला माहीत नव्हतं. ती दोन वर्षांची होती गं तेव्हा."

मी सांगितलं, की नाही. मी सगळं पुसलं.

काका थोडा वेळ गप्प. "मग मलाच सांगावी लागेल गाडीत. पण नुसती सांगायला घेतली तर दोन मिनिटांत संपते बघ. घरी एकदा म्हणून पाहिली मी. गाडी चुकली, चालत गेलो, सही केली, संपलं." मग म्हणाले, "काकूंना विचारतेस का, त्या दिवशी त्यांनी काय काय विचारलं होतं?"

मी लगेच रामबागला लँडलाइन लावला. काकूंना कानाला कमी यायला लागलं होतं, दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "लिहून घे. पिशवी कुठल्या रंगाची. पायांत काय होतं. पाणी कुठलं प्यायलात. कलाकंदाचं काय झालं." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि एक राहिलं होतं माझं विचारायचं, बापूंनी नळाचं काढलं आणि राहून गेलं. सही करताना मास्तरनं रजिस्टरात नातं काय लिहिलं, ते विचार म्हणावं पोरींना."